थांबायची जागा

कलावती आमच्या चाळीत नवरी म्हणून आली ती पियानो घेऊन. लोकांच्या रुखवतात लोकरीचे पोपट असतात, मण्यांची तोरणं असतात, फार झालं तर शिवणाचं मशीन. हिच्या रुखवतात कपाटाएवढा काळा, उभा पियानो. कल्याणहून डोंबिवलीपर्यंत तो आला आमच्या चाळीचे मालक काळुरामशेठ यांच्या बैलगाडीतून. त्यांच्या गड्यांनी तो ओट्यावर टेकवला तेव्हा शेठ त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "काय गो बाय, पेटी हाय का कपाट?"

"पेटीच आहे, शेठ," कलावती म्हणाली.

नवऱ्या मुलीनं सासरच्या दारात पहिल्याच दिवशी एवढं बोलावं हे तिच्या सासूला, तुळसाबाईंना, आवडलं नाही. मला आवडलं. पण मग तो पियानो त्यांनी त्यांच्या आणि माझ्या बिऱ्हाडाच्या मधल्या भिंतीला लावला आणि माझी आवड तिथेच संपली. भिंतीच्या अलीकडे माझं फडताळ होतं. फडताळाच्या दांडीला कप टांगलेले. तिनं डावीकडच्या जाड सुरांवर हात टाकला की माझे कप एकमेकांवर किणकिणायचे. मी भिंतीवर मुठी आपटायची. पहिले दोन महिने आमचं बोलणं झालं ते एवढंच.

स्वातंत्र्य आलं त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. कलावतीचे वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. तिला लहानपणी घटसर्प झाला. त्यातून ती वाचली, पण गळा कायमचा घोगरा झाला. गाणं तर सोडाच, हाक मारली तरी कुणी दार लोटतंय असं वाटायचं. बोटांचं तरी काही शिकू दे म्हणून आईनं तिला रेल्वेच्या वसाहतीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या मड्डमकडे भरतकाम शिकायला पाठवली. मड्डमला भरतकाम येत नव्हतं, पियानो येत होता. तिनं तो शिकवला. इंग्रज गेले तसं ते कुटुंबही बोटीत बसलं आणि जाताना मड्डम पियानो हिला देऊन गेली. नवरा मुलगा हरिहर. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये पाळीवर कामाला. माणूस इतका गरीब स्वभावाचा, की मुलीबरोबर पियानो येणार म्हटल्यावर तो फक्त म्हणाला, "येऊ दे की."

घरात माणसं चार. तुळसाबाई, हरिहर, कलावती आणि हरिहरची धाकटी बहीण शीला. वडील शीलाच्या लहानपणीच गेलेले. कलावती आली तेव्हा पोर परकर-पोलक्यात होती. नणंद वयानं लहान असली तरी तिला 'वन्सं' म्हणायची आपली रीत. कलावती सरळ "शीले" म्हणायची आणि शीला तिच्या मागे सावलीसारखी फिरायची.

वाजवायची काय, तर सुरुवातीला मड्डमनं शिकवलेलं. ते मला कधी कळलं नाही. मग कुठून तरी तिच्या हाती मासिकं लागली आणि त्यांतल्या नव्या कवितांना ती चाली लावायला लागली. नव्या म्हणजे अगदी त्याच दिवसांतल्या, लिहिणारे जिवंत असलेल्या. मला कविता कळते. शाळेत मी पाठांतरात पहिली यायची. पण या कवितांना ना यमक, ना ठेका. एक ओळ वीतभर तर दुसरी बोटभर. मी तिला म्हटलं, "अगं, हे वाण्याच्या यादीसारखं काय? याचं गाणं कसं होणार?"

"माणूस बोलतो ते तरी कुठे एका मापाचं असतं, गोदावहिनी?" ती म्हणाली.

तिची काम करायची तऱ्हाच वेगळी होती. ती पियानोपाशी बसून चाल शोधायची नाही. तांदूळ निवडायला बसली की शीलाला समोर घ्यायची आणि कविता नुसती बोलायला लावायची. गायची नाही, बोलायची. आज, उद्या, परवा, तीच कविता. शीला कुठे श्वास घेते, कुठल्या शब्दावर तिचा आवाज खाली येतो, कुठे ती आपोआप थबकते, हे कलावती मान खाली घालून ऐकत राहायची. शेवटी म्हणायची, "सापडली. तुझ्या बोलण्यातच होती." मग शीला तीच वळणं गळ्यावर घ्यायची, आणि सगळ्यात शेवटी पियानो यायचा.

आणि पियानो शीलाच्या मागून जायचा नाही. आपल्याकडे पेटीवाला गाणाऱ्याच्या मागून चालतो, गाणारा जिथे पाय टाकेल तिथेच त्याचाही पाय. कलावतीला ते मान्य नव्हतं. "तिनं एक म्हटलं तर यानं त्यावर दुसरं काही म्हणायला हवं. नाहीतर दोघं कशाला?" ऐकणाऱ्याला ते विचित्रच वाटायचं. तुळसाबाई म्हणायच्या, "ही वाजवते एकीकडे, ती गाते भलतीकडे." सगळी चाळ त्यांच्या बाजूनं होती. मीही होते, कपांमुळे.

तिची सगळ्यात चांगली चाल 'मीठ' नावाच्या कवितेला होती. ठाण्याला खाडीच्या अंगाला राहणाऱ्या कुणा कवीची ती होती. एवढीशीच:

उन्हानं पाणी नेलं.
मी विचारलं नाही, कुठे.
माझ्या ओंजळीत मीठ राहिलं,
तेवढं पुरे आहे.

दुसऱ्या ओळीनंतर शीला गप्प व्हायची आणि पियानो एकटाच खाली खाली जायचा, जाड सुरांत, भरतीचं पाणी मिठागरातून उतरत जावं तसा. शेवटचा सूर कलावती दाबून धरायची. तो विरत जायचा, विरत जायचा, आणि अगदी संपता संपता शीलाचा आवाज यायचा, "माझ्या ओंजळीत..." सगळं गाणं त्या थांबण्यात होतं. पण शीला लहान, तिला धीर निघायचा नाही. ती आधीच उडी घ्यायची. तेव्हा कलावतीनं तिला पियानोला लागून उभं केलं आणि तिचा उजवा तळवा लाकडावर ठेवला. "हाताला मुंग्या येतात ना? त्या थांबल्या की म्हण."

एवढंच. मोजायचं नाही, मान हलवायची नाही, खुणावायचं नाही. लाकडातली थरथर शीलाच्या तळव्यात यायची आणि ती गेली की शीला गायची. भिंतीच्या अलीकडे माझे कप किणकिणायचे, मग हळूहळू निवायचे. ते निवले की मलाही कळायचं, आता पोरगी म्हणणार. कधीपासून मी भिंतीवर मुठी आपटायचं सोडलं ते मला आठवत नाही. भाजी चिरता चिरता विळीवरचा माझा हात त्या जागी थांबायला लागला होता, एवढं खरं.

अशी पाच गाणी झाली. शीला तोवर साडी नेसायला लागली होती. एका श्रावणात ठाण्याच्या एका वाचनालयाचे चिटणीस हरिहरच्या ओळखीनं चाळीत आले, लाकडी स्टुलावर बसून पाचही गाणी ऐकली आणि चहाचा कप हातात तसाच थंड होऊ दिला. दिवाळीनंतर कार्यक्रम करू म्हणाले. ठाण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. 'मीठ'वाल्या कवीलाही ते बोलावणार होते. कलावतीनं आयुष्यात काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पण ते गेल्यावर ती माझ्याकडे आली, उंबऱ्यावर बसली आणि त्या दार लोटल्यासारख्या आवाजात म्हणाली, "गोदावहिनी, एकदाच. एकदाच लोकांच्या पुढे झालं की मग काही नको मला."

त्याच वर्षी दसऱ्यानंतर शीलाला तिसरं स्थळ आलं. आधीची दोन सावळ्या रंगावरून परत गेली होती. बाप नसलेली मुलगी, तुळसाबाईंच्या जिवाला घोर. हे स्थळ ठाण्याचं होतं. मुलगा सहदेव, गिरणीच्या ऑफिसात. घरचं दुकान, एकत्र कुटुंब. मुलगी दाखवायची म्हणजे गाणं आलंच. तुळसाबाई म्हणाल्या, एखादा अभंग म्हणू दे, देवाचं नाव वाया जात नाही. शीला म्हणाली, "मी वहिनीचं 'मीठ'च म्हणेन. दुसरं मला नीट येत नाही."

पाहुणे यायच्या आधी मी आणि कलावती मागच्या खोलीत पोह्यांना नारळ खवत होतो. मी तोंडानं फटकळ आहे, मी विचारलंच. "पसंत पडली तर तुझ्या कार्यक्रमाचं काय? सासरचे पाठवतील का?"

ती खवत राहिली. मग म्हणाली, "मला वाईटही वाजवता येतं, गोदावहिनी. येत नाही असं नाही."

ती असं करणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. शीलाचा तळवा लाकडावर असताना ती खोटं वाजवणार कशी?

पाहुणे बसले. मुलगा, त्याचे वडील, आई, एक काका. नाव, शिक्षण, स्वयंपाक झाल्यावर काकांनी विचारलं, "गाणं येतं का?" शीला उठून पियानोपाशी गेली. तिनं लाकडावर हात ठेवला. मी दारात पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होते. पाणी उतरलं, सूर विरत गेला, आणि त्या शांततेत कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मुलाच्या आईनं डोळ्यांना पदर लावला होता. शीलाचं गाणं संपलं तेव्हा त्या बाईंनी कुणाला न विचारता सांगितलं, "मला मुलगी पसंत आहे."

तुळसाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. हरिहरचा चेहरा उजळला. आणि पोहे खाता खाता मुलाचे वडील म्हणाले, "गाणं चांगलं आहे. मात्र आमच्याकडे सुना गात नाहीत बरं का. ते आधीच सांगितलेलं बरं."

मला अजून या गोष्टीचा संताप येतो. गाणं येतं का म्हणून विचारायचं, आलं तर पसंत करायची, आणि पसंत केली की तोंड शिवायचं. मग विचारता कशाला? गायीचे दात बघतात तसं बघायचं एकदा, झालं. तेव्हा मी बशी जरा जोरातच ठेवली. त्याहून जास्त काही मी केलं नाही. परक्याच्या मुलीच्या लग्नात मी काय करणार?

कार्यक्रम साखरपुड्यानंतर पंधरवड्यावर होता. कलावती हरिहरला घेऊन ठाण्याला त्यांच्याकडे गेली. लग्नाआधी एकच दिवस, एवढीच परवानगी मागायला. काका म्हणाले, उद्या लोक म्हणतील, हीच ती हॉलमध्ये गाणारी. सहदेव मुलगा वाईट नव्हता. तो खाली बघत म्हणाला, "माझं काही नाही, पण दादांच्या शब्दाबाहेर मला जाता येत नाही." दादा म्हणजे त्याचे वडील. ते पेपर वाचत होते. तुळसाबाईंनी तर घरी आल्यावर कलावतीला बजावलं, "पुन्हा तोंड उघडशील तर माझ्या मुलीचं लग्न मोडल्याचं पाप तुझ्या माथी."

ती पुन्हा बोलली नाही. चिटणीसांनी दुसरी मुलगी सुचवली, एका बुवांकडे शिकत असलेली. आली बिचारी दोन-तीन दिवस. आवाज चांगला, तयार. पण रिकामी जागा दिसली की ती तान घ्यायची. कलावती म्हणायची, "इथे थांबा." ती म्हणायची, "थांबू म्हणजे काय म्हणू?" तिसऱ्या दिवशी कलावतीनं तिला चहा दिला, हळद-कुंकू लावलं आणि पाठवून दिलं. कार्यक्रम राहिला.

मार्गशीर्षात शीलाचं लग्न झालं. ठाणं म्हणजे काही विलायत नव्हे. पण सणावारी नवऱ्याबरोबर येऊन संध्याकाळी परत जाणारी मुलगी जवळ असूनही लांबच. आली तरी पियानोकडे बघायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. कलावतीनंही कधी आग्रह केला नाही. मला मात्र तिनं सांगून ठेवलं होतं. "पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना, वहिनी. तेव्हा चांगली चार-पाच महिने राहील. तेव्हा म्हणू आम्ही. हॉल नको, लोक नकोत. आम्ही दोघी म्हणू." मूल कुणाला होणार आणि दिवस कोण मोजत होतं. पियानोवर ती रोज फडकं मारायची. कुठलीच नवी कविता घेतली नाही. "आधी जुनं पुरं होऊ दे," म्हणायची.

दुसऱ्या वर्षी ओटी भरून शीला माहेरी आली. अंगानं भरलेली, चेहरा थोडा ओढलेला. आठ-दहा दिवस आराम झाला. मग एका दुपारी तुळसाबाई ओट्यावर गव्हले वळत होत्या, चाळीतल्या आणखी दोघी-तिघी तिथेच बसल्या होत्या, आणि आतून मला कलावतीचा आवाज ऐकू आला. "शीले, म्हणतेस?"

मी हातातलं टाकून भिंतीपाशी गेले. मग वाटलं, भिंतीपाशी कशाला, आणि सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

शीला लाजली. म्हणाली, "वहिनी, एक शब्दसुद्धा विसरले नाहीये मी. रोज म्हणते. स्टोव्ह पेटवला की त्याच्या आवाजात म्हणून घेते, बाहेर ऐकू जात नाही."

"रोज?" कलावतीनं विचारलं. तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

तिनं वाजवायला सुरुवात केली. शीला गायला लागली. आवाज तोच, किंबहुना जरा खोल झालेला. पहिली ओळ, दुसरी ओळ. पियानो खाली उतरायला लागला. आणि शीला थांबलीच नाही. "मी विचारलं नाही कुठे माझ्या ओंजळीत मीठ राहिलं," एका दमात, सलग. ती शेवटाला पोचली तेव्हा कलावतीचे हात खाली जाड सुरांतच होते.

"का थांबलीस गं?" शीलानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"तू थांबली नाहीस."

"अगंबाई, हो." ती हसली. "तिकडे सवय गेली. थांबायला वेळ कुठे असतो, वहिनी? दूध उतू जातं."

कलावती उठली. तिनं शीलाचा हात हातात घेतला, तो पोटावर होता, आणि तळवा लाकडावर ठेवला. पुन्हा सुरुवात केली. या वेळी शीला थांबली. पियानो उतरत गेला, शेवटचा सूर राहिला, माझ्या घरात कप किणकिणल्याचं मला दारातून ऐकू आलं. शीला लाकडाकडे बघत होती, कलावतीकडे बघत होती. सूर अजून विरायचा होता.

"किती थांबायचं?" तिनं हळूच विचारलं.

हा प्रश्न त्या पोरीनं आधी कधी विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती. कलावतीनं सुरांवरून हात उचलले. मला वाटलं, आता झाकण लावेल. मी तिच्या जागी असते तर लावलं असतं, आणि वर दोन शब्द सुनावले असते.

तिनं शीलाचा हात अलगद उचलून पुन्हा पोटावर ठेवला. "नको थांबूस," ती म्हणाली. "तू म्हणतेस तसंच म्हण. मी येते."

आणि शीला गायली, स्टोव्हवर म्हणत असेल तशी, सलग, आणि कलावती तिच्या मागून वाजवत गेली. शीला जिथे पाय टाकेल तिथेच तिचं बोट. भजनातल्या पेटीसारखं, एक पाऊल मागे, कुठेही वेगळं न बोलता. जाड सुरांना तिनं हातसुद्धा लावला नाही. माझे कप गप्प होते.

गाणं संपलं तेव्हा ओट्यावरच्या बायकांचे हात थांबलेले होते. एक म्हणाली, "काय गोड म्हणते हो." तुळसाबाईंनी गव्हल्यांचं ताट बाजूला सारलं. इतक्या वर्षांत त्यांनी सुनेला पहिल्यांदाच शाबासकी दिली. आत डोकावून म्हणाल्या, "हां. आता कसं गाण्यासारखं वाटतं, कलावती. असं वाजवत जा."

"हो," कलावती म्हणाली.

शीलाला हुरूप आला. तिनं उरलेली चारही गाणी म्हटली, आणि कलावतीनं ती चारही तशीच वाजवली. पोरीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला रडायलाही लाज वाटली. मी घरी आले आणि फडताळाकडे पाठ करून बसले.

संध्याकाळी ती विरजण मागायला आली. मी तिला विरजण दिलं नाही, आधी विचारलं. "असं का वाजवलंस? जन्मभर नाही म्हणत होतीस ना?"

ती उंबऱ्यावर बसली, चिटणीस आले त्या दिवशी बसली होती तशीच.

"तिनं ते तिकडे जिवंत ठेवलं, गोदावहिनी," ती म्हणाली. "स्टोव्हच्या आवाजात का होईना, रोज म्हटलं. आता ते तिचं झालंय, आणि त्यात मला जागा नाहीये. तिला चुकलं म्हणून सांगू? मग ती तिकडे जाऊन काय म्हणेल?"

मी तिला वाटीत विरजण दिलं. ती पदराखाली झाकून घेऊन गेली.

शीला बाळाला घेऊन ठाण्याला परत गेली. कलावतीनं त्यानंतर एकही कविता घेतली नाही. पियानो मात्र वाजत राहिला. आषाढी-कार्तिकीला चाळीत भजन असलं की बायका तिच्याकडेच जमायच्या, आणि ती बसून त्यांच्या मागून वाजवायची. सगळे म्हणायचे, आता हात छान बसला हिचा. मी कधी त्या भजनाला गेले नाही. घरात बसून असायची, आणि मध्येच कधीतरी उठून हातानंच एक कप दुसऱ्यावर आपटून बघायची.